चहा आधी नटाला

२ नोव्हेंबर
आजपासून डायरी. मोठे लोक लिहितात असं ऐकतो. उद्या आत्मचरित्राची वेळ आली तर शोधाशोध नको.

नोंद असावी म्हणून : मी हेमराज. गाव मोहबोडी, तालुका सिंदेवाही. दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या नाटकांतला खलनायक, उरलेलं वर्ष धानाचा शेतकरी. शेतीकडे तसं रंजीताच बघते (पत्नी).

संकल्प : खर्रा (तंबाखू-सुपारीचा) बंद. रोज पेपर वाचणे, अग्रलेखासकट. कमी बोलणे, पण वजनदार बोलणे.

संध्याकाळ : एक खर्रा खाल्ला. पुडी कालचीच होती. वाया घालवणं बरोबर नाही.

५ नोव्हेंबर
नवरगावकडचा प्रयोग हाऊसफुल्ल. मी एन्ट्री घेतली की पुढच्या रांगेतल्या बायका बोटं मोडतात. लोकप्रियता यालाच म्हणत असावेत.

मध्यंतरात इसरूशी वाजलं. इसरू माझा प्रॉम्प्टर. आमच्याकडे रोज नवं गाव, आज हे नाटक तर उद्या ते, पाठांतराला वेळ कोणाला? प्रॉम्प्टर पडद्यामागून वाक्य सांगतो, नट ते उचलतो. इसरू गावातलाच, लहानपणापासूनचा दोस्त, जातीचा ढिवर. सकाळी आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात जाळं टाकतो आणि रात्री माझ्या कानात वाक्यं. तर काल त्यानं आधी चहा उचलला. म्हणाला, "घसा तं माहा सुकून राह्यला गा." मी सर्वांसमोर सांगितलं : चहा आधी नटाला, उरला तर प्रॉम्प्टरला. शिस्त म्हणजे शिस्त.

१० नोव्हेंबर
ऐतिहासिक दिवस!

काल गावची मंडई (दिवाळीनंतरची जत्रा). रीतीप्रमाणे रात्री नाटक, नाटकाआधी उद्घाटन, उद्घाटनाला पुढारी, पुढाऱ्यांची भाषणं, आणि मग लोक शिव्या द्यायला लागले की नाटक. पण साहेब वेळेवर आलेच नाहीत. (साहेब म्हणजे साहेब. नाव लिहीत नाही. डायरी कोणाच्या हाती लागेल, सांगता येत नाही.) लोक ओरडू लागले तेव्हा मंडळानं मला मेकअपसकट माईकसमोर ढकललं.

विषय तयारच होता. गावात पंधरा दिवसांपासून कुजबूज आहे की ताडोबाच्या पाहुण्यांसाठी आमच्या तलावावर रिसॉर्ट होणार. मालगुजाराच्या काळचा तलाव, दगडी पाळीचा (बांधाचा). अर्ध्या गावाचं धान त्याच्या पाण्यावर, ढिवरांची घरं त्याच्या मासोळीवर. इसरू पडद्यामागे होताच. मी म्हणालो : "या पाळीचा दगड न् दगड आमच्या आज्यानं डोक्यावर वाहिला आहे! हा तलाव कोणाच्या बापाचा नाही, हा गावाचा आहे! ज्याला इथे कुंपण घालायचं असेल, त्यानं पहिला खांब माझ्या छातीत रोवावा!"

मग ज्या टाळ्या सुरू झाल्या! सुगंधाबाईनं डोळ्यांना पदर लावला. ही गावातली सर्वांत वडीलधारी बाई, प्रत्येक नाटकाला पुढच्या रांगेत बसून मला सर्वांत जास्त शिव्या घालते. मला स्वतःलाही भरून आलं. वाक्यं इसरूची होती, हे खरं. पण छाती माझी होती.

साहेब शेवटच्या टाळीला पोचले. त्यांनी विचारलं म्हणे, हा माणूस कोण?

खर्रा : दोन. भावनेच्या भरात.

१४ नोव्हेंबर
भाषण सर्वांच्या स्टेटसवर. धान कापणाऱ्या बायका एका बांधीतून दुसऱ्या बांधीत ओरडतात, "पहिला खांब माह्या छातीत रोवा!" सुगंधाबाईला तर अथपासून इतिपर्यंत पाठ आहे. लोकांच्या काळजात घर करणं म्हणतात ते हे.

निर्णय : जिल्हा परिषद लढवायची. तलावासाठी. मला खुर्ची नको, पण तलावाला माझी गरज आहे.

रंजीताला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या भाषणानं धान कापल्या जात नाई. इळा घ्या अन् चला." मी तिला समजावलं की नेत्याच्या पत्नीनं असं बोलू नये. मग इळा घेऊन गेलो. पण मनानं नाही.

२१ नोव्हेंबर
साहेबांचा फोन! सिंदेवाहीच्या रेस्ट हाऊसवर बोलावलं.

गेलो ते ठाम ठरवून. दारातच सांगणार होतो की साहेब, तलावाला हात लावायचा नाही. पण साहेबांनी आधीच खांद्यावर हात ठेवला. हात एवढा गरम आणि जड, की विषय निघालाच नाही. म्हणाले, "हेमराजभाऊ, तुमच्या जिभेवर सरस्वती आहे, ती या लहान गावात किती दिवस ठेवणार?" हा प्रश्न मला आजवर कोणीच विचारला नव्हता.

परत येताना त्यांच्या गाडीत. पुढच्या सीटवर! खिडकीची काच खाली ठेवली होती. बसस्टँडवर ओळखीचं कोणी नव्हतं, म्हणून ड्रायव्हरला पुन्हा एक चक्कर मारायला सांगितली.

१ डिसेंबर
पांढरे कुर्ते शिवायला टाकले. एक जाकीट.

इसरूला सांगितलं, आता प्रॉम्प्टर बंद. नाटकात ठीक आहे, नेत्याला शोभत नाही. नेता हृदयातून बोलतो. इसरू म्हणाला, "तुह्या हृदयात काय हाय ते तं मलेच सांगा लागते ना बापा." हसून सोडून दिलं. मोठ्या माणसाच्या जवळच्यांना नेहमी असुरक्षित वाटतं.

१५ डिसेंबर
शेजारच्या गावात महिला बचत गटाच्या पापड केंद्राचं उद्घाटन, माझ्या हस्ते. माझं पहिलं स्वतंत्र भाषण.

सुरुवात उत्तम. "माझ्या माता-भगिनींनो." मग थांबलो. सवयीनं कान मागे गेला. मागून काही येईना. समोर दीडशे बायका. इतक्या वर्षांत तोंडाला जे वळण लागलंय तेच बाहेर पडलं, तेही पूर्ण आवाजात, पाय आपटून : "या गावातली एकही चूल मी पेटू देणार नाही! हा हा हा हा!"

समोरच्या एका बाईनं लेकरू पोटाशी धरलं.

पण मी सावरलं. म्हणालो, कारण घरोघरी गॅस आला पाहिजे. टाळ्या पडल्या. म्हणजे एक पडली, अध्यक्षबाईंची. एकूण कार्यक्रम यशस्वी. पापड मात्र त्यांनी द्यायचे ठरवले होते, ते दिले नाहीत.

१८ डिसेंबर
इसरूला परत घेतलं. प्रॉम्प्टर म्हणून नाही, सल्लागार म्हणून. सल्लागार बॅनरमागे बसेल आणि हळू आवाजात सल्ला देईल.

त्यानं अट घातली की चहा दोघांना एकदमच आला पाहिजे. तत्त्वतः मान्य केलं. अंमलबजावणी निवडणुकीनंतर.

४ जानेवारी
पुन्हा साहेब. या वेळी बंगल्यावर, सोफ्यावर, काजू. तिकीट माझं! फक्त एक छोटं काम. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तलाव रिसॉर्टला देण्याचा ठराव यायचाय. गाव माझं ऐकतं. मी दहा मिनिटं बोलायचं, लोकांनी हात वर करायचे.

मी उसळून उठलो. मनात. बाहेरून म्हणालो, "साहेब, पण तलाव..."

साहेब हसले. म्हणाले, "अहो, तलाव कुठे चाललाय? तलाव तिथेच राहणार. फक्त लोक थोडे लांब राहतील."

हा अँगल माझ्या लक्षातच आला नव्हता. बोलावं कसं, हे साहेबांकडून शिकावं. घरी येईपर्यंत मी स्वतःच स्वतःला ते वाक्य तीन-चारदा सांगितलं आणि दर वेळी जास्त पटलं.

७ जानेवारी
शांत डोक्यानं विचार. आज्यानं दगड वाहिले ते कशासाठी? पुढच्या पिढीच्या विकासासाठी. विकास म्हणजे काय? रिसॉर्ट. म्हणजे आज्यानं रिसॉर्टसाठीच दगड वाहिले, फक्त त्याला शब्द माहीत नव्हता.

आणि धानाला पाणी लागतं हे मान्य. पण मी जिल्हा परिषदेत गेलो की दुसरा तलाव खोदू. त्यासाठी आधी जावं लागेल. त्यासाठी हा द्यावा लागेल. सरळ आहे.

रंजीताला समजावलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पाळीखालचं वावर माह्या बापानं माह्या नावानं करून देलं. त्याले पाणी कुठून येईन, तेवढंच सांगा." मी म्हणालो, व्यापक पातळीवर विचार कर. तिनं सुपासकट जागा बदलली.

खर्रा : मोजले नाहीत. तणावाचा काळ आहे.

१६ जानेवारी
साहेबांच्या पीएनं भाषण टाईप करून पाठवलं. भाषा हाय क्लास. "जलपर्यटनाच्या माध्यमातून सर्वसमावेशक समृद्धी." मला वाचतानाच अभिमान वाटला.

इसरूला दिलं. त्यानं पाळीवर बसून सावकाश वाचलं. जाळं बाजूला वाळत होतं. मग विचारलं, "मासोळ्या?"

मी माझं सगळं कसब पणाला लावलं. सांगितलं, मासोळ्या राहतील, पाहुण्यांना दाखवायला. तुला बोट चालवायची नोकरी. केशरी लाईफ जॅकेट. टोपी. मुंबईचे लोक तुझ्यासोबत फोटो काढतील. बोलता बोलता मलाच त्या जॅकेटचा हेवा वाटला.

इसरूनं कागदाची घडी करून खिशात घातली. म्हणाला, "ठीक हाय. मी बसतो मांगं. तू बोल."

पटलं त्याला! माझ्या जिभेपुढे दगडही विरघळतो. संकल्प : या शक्तीचा गैरवापर करायचा नाही.

२५ जानेवारी
उद्या. कुर्ता इस्त्री केला. आरशासमोर हात हलवून पाहिले. पेपर वाचायचा राहिला, महिनाभराचे साचलेत.

एक विचित्र गोष्ट. संध्याकाळी पाळीवरून आलो तर ढिवरांच्या बायका जाळी धूत होत्या. एकीनं हाक मारली, "भाऊ, उद्या बोला जी जोरात! तुमी हाव म्हून आमाले चिंता नाई." मी हात जोडले. पटकन पुढे आलो. मग घरापर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही. उशीर झाला होता, म्हणून असेल.

२६ जानेवारी
झेंडावंदन झालं. मग ग्रामसभा, ग्रामपंचायतीसमोरच्या चिंचेखाली. एवढी गर्दी नाटकाला नसते. साहेबांचा पीए पहिल्या रांगेत, मोबाईल उभा धरून. बॅनरमागे इसरू, हातात टाईप केलेलं भाषण.

सरपंचानं विषय वाचला. मी उठलो. मागून आलं, "बंधू-भगिनींनो." उचललं. "आज या मंगल दिवशी." उचललं. मग काहीच येईना. मी खोकलो. पायानं बॅनरला हलकी लाथ मारली. खरं सांगायचं तर त्याचा श्वास ऐकू येत होता, वाक्य येत नव्हतं.

आमच्याकडच्या प्रेक्षकांची एक खोड आहे. नट अडकला की त्यांना राहवत नाही. तीच तीच नाटकं पाहून वाक्यं त्यांना नटापेक्षा जास्त येतात. मी तोंड उघडं ठेवून उभा, तर पहिल्या रांगेतून सुगंधाबाई हळूच म्हणाली, "या पाळीचा दगड न् दगड..."

हा आवाज कानावर पडला आणि तोंड आपोआप सुरू झालं. इतक्या वर्षांची सवय! मागून वाक्य येवो की पुढून, तोंडाला कुठे कळतं? "या पाळीचा दगड न् दगड आमच्या आज्यानं डोक्यावर वाहिला आहे!" ढिवरांच्या बायकांनी पुढचं दिलं. मी उचललं. मागच्या माणसांनी त्याच्या पुढचं दिलं. तेही उचललं. मग सगळं गावच सांगू लागलं, आणि मी पूर्ण ताकदीनं, हात फेकून, डोळे पुसून, म्हणत राहिलो. "त्यानं पहिला खांब माझ्या छातीत रोवावा!"

खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला ते सगळं पटलं होतं. मंडईच्या रात्रीपेक्षाही जास्त. अंगावर काटा आला.

ठराव फेटाळला. एकमतानं, विरोधात हात वर करून. रंजीता म्हणते, "हात तं तुमचाच पयला वर होता." मला आठवत नाही.

पीए चहा न घेता गेला.

२७ जानेवारी
इसरूला गाठलं. विश्वासघात वगैरे बोललो. तो जाळं शिवत होता. वर न पाहता म्हणाला, "मी वाचाले गेलो गा. पण तोंडच उघडलं नाई. माहं तोंड तुह्यासारकं नाई, त्याले पयले पटा लागते."

याला अनप्रोफेशनल म्हणतात.

३० जानेवारी
साहेबांना फोन. मीटिंगमध्ये. पुन्हा फोन. मीटिंगमध्येच. एवढं काम करणारा नेता दुर्मिळ. ते बहुतेक माझ्या धीराची परीक्षा घेतायत.

१ फेब्रुवारी
तिकीट पापड केंद्राच्या अध्यक्षबाईंच्या नवऱ्याला. तो माणूस दोन वाक्यं सलग बोलू शकत नाही. पीए म्हणाला, साहेबांना आता तसाच माणूस हवाय.

खरोखर वाईट वाटलं. दिवसभर कोणाशी बोललो नाही. रंजीतानं दुपारी शेजारणीला विचारलं, "यायले ताप हाय का काय?"

२ फेब्रुवारी
सर्व काही बदललं! आदेश (भाचेजावई, बातम्या पक्क्या असतात) सांगून गेला की गावकरी अपक्ष उमेदवार उभा करतायत आणि संध्याकाळी सगळे माझ्याच घरी येणार आहेत. जनता साहेबांपेक्षा मोठी! आठ दिवसांत पहिल्यांदा दाढी केली. रंजीताला चहा टाकायला लावला. नकार देऊन मग आग्रहाखातर होकार द्यायचा, असं ठरवलं. नकाराची दोन वाक्यं लिहूनही काढली.

रात्र : आले. पन्नासेक लोक. सुगंधाबाई म्हणाली, "भाऊ, तुमचा तो पांढरा कुर्ता द्या जी. अन् जाकीट. इसरूचा फोटो काढाचा हाय."

मी विचारलं, इसरूचा कशाला? त्याला चार लोकांत बोलता येत नाही.

ती म्हणाली, "म्हून तं. तुमी बोलता भल्लं गोड, पण सोडून देलं तं तुमचं तोंड कुठीबी जाते. तो बोलत नाई, पण कुठी जात नाई."

इसरू मागे दाराशी उभा होता, चपला हातात घेऊन, स्वतःच घाबरलेला. म्हणाला, "हेमराज, मले स्टेजवर थरथर सुटते गा. तू बसशीन का मांगं? वाक्य सांगाले?"

नकाराची वाक्यं समोरच होती. वाचली नाहीत. कुर्ता काढून दिला. त्याला खांद्यात सैल होतो.

४ फेब्रुवारी
रात्रभर विचार केला आणि लख्ख प्रकाश पडला. नट काय, जे सांगाल ते बोलतो. ते मला कोणी शिकवायला नको. खरी सत्ता मागे बसणाऱ्याची! इसरू निवडून येणार, आणि जिल्हा परिषदेत आवाज कोणाचा? माझा. पुढे त्याच्याच तोंडून माझं नाव आमदारकीला. साहेबांना हे सुचलंही नसेल.

भाषण लिहिलं. अठरा पानं. तलाव तीनदा, माझं नाव नऊदा.

संकल्प : खर्रा बंद, या वेळी खरोखर. प्रॉम्प्टरचा घसा साफ हवा.

८ फेब्रुवारी
काल पहिली सभा. त्याच मंडईच्या जागी, तोच मांडव. पडद्यामागे खुर्ची नव्हती. पोतं टाकलं होतं. पोत्याखाली लाल मुंग्या.

इसरू माईकसमोर गेला. मी सुरू केलं, "बंधू-भगिनींनो." त्यानं उचललं नाही. मी पुन्हा सांगितलं. जोरात सांगितलं. पहिल्या रांगेनं ऐकलं, पण त्यानं नाही. त्यानं माईक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, "तलाव हाय तिथी राहीन. अन् आपण बी." आणि खाली बसला.

अठरा पानं माझ्या हातात तशीच.

टाळ्या थांबेनात. मंडईच्या माझ्या भाषणापेक्षा जास्त होत्या, असं म्हणता येणार नाही. पडद्यामागून नीट अंदाज येत नाही.

ओरडून ओरडून घसा पार सुकला होता. तेवढ्यात सुगंधाबाई चहाची किटली घेऊन आली. मी पोत्यावरून हात पुढे केला. ती थांबली नाही, सरळ स्टेजवर गेली. आधी इसरूला दिला, मग पुढच्या रांगेला. इसरूनं कप घेऊन पडदा बाजूला केला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "थांब गा, आणतो तुले."

किटली उलटी करून पाहिली त्यानं. रिकामी होती.